सही बापाचीच पाहिजे म्हणे!

"वडिलांना आणा. वडील नसतील तर आई." एवढं बोलून दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईने पुढचा नंबर पुकारला. मान वर करायचीसुद्धा तसदी नाही.

ओळखीतली पोर आहे, सतरा वर्षांची. गाव-तालुका सांगत नाही, जळगाव जिल्हा एवढं पुरे. आई वारली, बाप सुरतला. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आला तर आला. पाचवीपासून पोर मावशीकडे. नाव मावशीच्या रेशनकार्डावर, शाळेच्या कागदांवर अंगठा मावशीचा, तापात उशाशी मावशी. आता पोरीला दिवस गेले, नववा आठवडा. गर्भपातासाठी दवाखान्यात जाताना मावशी मला घेऊन गेली, कारण काय तर मला "कागद वाचता येतात".

मावशीने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशनकार्ड काढलं, पोरीच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाप सुरतले से, पोर मनाजोडे से." म्हणजे पोर माझ्याजवळ आहे. खिडकीतून उत्तर काय, तर "मावशी चालत नाही." वर सगळ्या बाकड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "किती महिने झाले हिला?" पोरीने ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली.

अहो, मावशी का चालत नाही? गर्भपाताचा कायदा 1971 चा आहे. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते, कबूल. पण पालक कोण, हेही त्याच कायद्यात लिहिलंय: मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती. 'बाप' कुठून आणला तुम्ही? सांभाळ मावशीने करायचा आणि सही मात्र सुरतेहून मागवायची! आणि अठरा पूर्ण झालेल्या बाईला तर स्वतःची संमती पुरते, तरी नवऱ्याची सही मागतातच. ती कोणत्या कलमात आहे, दाखवा एकदा.

दुसऱ्या खेपेला नवीन भीती. "पोलीस केस होईल, आम्हाला नको झंझट." पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावं लागतं, खरंय. 2012 पासून अठराच्या आतले सगळे शरीरसंबंध त्यात येतात, पोरगा वर्गातला असो की पन्नाशीचा नराधम. नराधमाला धराच, माझं काही म्हणणं नाही. पण सप्टेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय, मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव द्यायची गरज नाही. म्हणजे कळवताही येतं आणि उपचारही करता येतात. हे मी तिथं उभं राहून सांगितलं, तर मलाच विचारलं, "तुम्ही वकील आहात का?" नाही बाई, वकील नाही. वाचते फक्त.

आणि नाव गुप्त ठेवायचं म्हणावं, तर 2021 च्या दुरुस्तीपासून ते फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ओढणीआडच्या पोरीला भर गर्दीत महिने विचारणाऱ्या बाईला हे कोणी शिकवलंय का?

लग्न लावून दिलेली सोळाची पोर बाळंतपणाला आली की मात्र कागदावर बिनबोभाट एकोणीसची होते. तेव्हा कोणाला कायदा आठवत नाही.

सगळ्यात चीड याची की दिवस थांबत नाहीत. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये दोन डॉक्टर लागतात. त्यापुढे गेलं की अशा पोरीने छत्रपती संभाजीनगरच्या हायकोर्टाच्या खंडपीठाची पायरी चढायची, दीडशे किलोमीटरवर! एसटीच्या भाड्याचे पैसे उसने आणणारी मावशी वकील करणार? म्हणूनच कुठल्या तरी गोळ्या, कुठली तरी बाई, आणि मग रात्री रिक्षात घालून पळापळ. तेव्हा हेच म्हणणार, "आधी का नाही आणलंत?"

तिसऱ्या खेपेला दुसऱ्या गावी गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रेशनकार्ड पाहिलं, पोरीशी दार लावून बोलल्या, मावशीचा अंगठा घेतला आणि नाव न देता पोलिसांना कळवलं. अर्धा तास! तोपर्यंत अकरावा आठवडा लागला होता. अंगठ्याची शाई पदराला पुसत मावशी म्हणाली, "इतलंच व्हतं तं तीन येरझारा कसाले?"

परवा माझ्याच कामाने त्या पहिल्या दवाखान्यात गेले होते. खिडकीच्या काचेवर तीच चिठ्ठी, "अल्पवयीन मुलीसोबत वडील आवश्यक". चिकटपट्टी तेवढी नवी लावलीय.