दोन वॅटचा अँप नानांना कशाला हवा?

गेल्या महिन्यात लोकमान्य नगरातून नानांचा फोन आला. ‘अरे, एफडी मोडतोय. दीड लाखाचा डॅक घ्यायचाय, कोणता घेऊ?’ (डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारं यंत्र, आणि अँप त्या आवाजाला हेडफोन वाजवण्याइतका जोर देतो.) नाना माझे काका, वय 71, तरुणपणापासून अमीर खाँसाहेबांच्या गाण्यात बुडालेले. मुलानं पाठवलेला सेनहायझरचा एचडी 650 मोबाइलच्या छोट्या डोंगलला लावून वर्षभर मजेत ऐकत होते. मग घरच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड आला.

तुमच्याकडेही आला असेल. त्याचं म्हणणं असं: सीडीच्या दर्जाचा आवाज पायऱ्यापायऱ्यांचा, तुटक असतो, म्हणून 32 बिट 768 किलोहर्ट्झचाच डॅक घ्या (बिट म्हणजे आवाजाचा प्रत्येक नमुना किती बारकाईनं मोजला, किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हजार नमुने घेतले). अँप कमीत कमी 2 वॅटचा हवा. चांगल्या अँपचा ‘शुद्ध’ आवाज कितीही वाढवला तरी कानाला इजा होत नाही. यूएसबी केबल भारीतली हवी. आणि नवा हेडफोन 200 तास वाजवून ‘पिकवावा’ लागतो.

इंदुरात साउंड बसवण्याचं काम करत माझी पंधरा वर्षं गेली. यातला तिसरा मुद्दा वाचून माझं डोकंच फिरलं, म्हणून आधी तोच घेतो.

शुद्ध आवाज कानाला लागत नाही, हे धडधडीत खोटं आहे. कानाच्या आतल्या केसपेशींवर दाब किती आणि किती वेळ पडला, एवढाच हिशेब असतो. त्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी घातलेली मर्यादा 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास अशी आहे. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5. उलट स्वच्छ अँप या बाबतीत जास्त फसवा. साधा अँप वाढवला की आवाज फाटतो, कानाला टोचतो आणि हात आपोआप नॉबकडे जातो. स्वच्छ अँप फाटतच नाही, त्यामुळे आवाज किती मोठा झालाय हे कळत नाही. नाना फोनवर सहज बोलून गेले, ‘हल्ली रात्री कानात बारीक शिट्टी वाजते रे.’ त्यांना आधी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, डॅकचं मग बोलू म्हटलं. हा फॉरवर्ड ज्यांनी लिहिला त्यांनी कुणाच्या म्हाताऱ्या कानांचा जरा तरी विचार केला का?

आता 2 वॅट. एचडी 650 हा 300 ओहमचा हेडफोन, आणि कंपनीच्याच आकड्याप्रमाणे 1 व्होल्ट दिला की 103 डेसिबल आवाज देतो. 300 ओहमवर 1 व्होल्ट म्हणजे 3.3 मिलीवॅट. तबल्याची थाप, तानेचा उसळता क्षण यांसाठी 110 डेसिबलपर्यंत जागा ठेवली तरी 17 मिलीवॅट पुरतात. त्याच हेडफोनमध्ये खरोखर 2 वॅट सोडले तर हिशेबानं 131 डेसिबल होतात. कानाला वेदना व्हायला लागते ती 120 च्या आगेमागे!

यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. हायफायमनच्या सुसवारासारखे काही प्लेनर (पातळ सपाट पडद्याचे) हेडफोन एका मिलीवॅटला जेमतेम 83 डेसिबल देतात, त्यांना दमदार अँप लागतोच. आणि नानांची ‘आवाज पुरत नाही’ ही तक्रारही खोटी नव्हती. जुन्या मैफलीचं हळू आवाजात भरलेलं ध्वनिमुद्रण असेल तर 1 व्होल्टचं डोंगल कमी पडतं. पण त्यावर उपाय 2 ते 4 व्होल्ट देणारा, आउटपुट इम्पीडन्स (म्हणजे अँपचा स्वतःचा आतला विरोध) एक-दोन ओहमच्या आत असलेला साधा डॅक-अँप. दहा-बारा हजारांत येतो. हा इम्पीडन्सचा आकडा फॉरवर्डमध्ये नावालाही नाही, आणि खरं तर पहिल्यांदा तोच बघायचा. काही ट्यूब (काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांच्या) अँपचा इम्पीडन्स 100 ओहमच्या पुढे असतो. त्याला कानात घालायचे अनेक ड्रायव्हरचे (आतल्या छोट्या स्पीकरचे) इअरफोन लावले की आवाजाचा तोलच बदलतो, कुठे फुगतो, कुठे दबतो.

पायऱ्यांचा मुद्दा. डॅकमधून पायऱ्या बाहेर पडत नाहीत. 44.1 किलोहर्ट्झनं घेतलेले नमुने 22 किलोहर्ट्झच्या (सेकंदाला 22 हजार कंपनांच्या) आतली लहर पूर्ण बांधून ठेवतात. हे गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या 1949 च्या लेखापासून सिद्ध आहे, आणि डॅकमधला फिल्टर तीच गुळगुळीत लहर परत काढतो. सत्तरीत 12 किलोहर्ट्झच्या वरचं फारसं कुणाला ऐकू येत नाही. शिवाय जुन्या टेपची स्वतःचीच सरसर इतकी असते की 16 बिटांतलेही काही बिट तीच भरण्यात जातात.

आणि हे नुसतं गणित नाही. बॉस्टनच्या मेयर आणि मोरान यांनी 2007 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात प्रयोग छापला. उच्च दर्जाचा मूळ आवाज आणि तोच सीडीच्या 16 बिट 44.1 मधून काढलेला, असे दोन्ही जाणकारांना न सांगता ऐकवले. 554 वेळा विचारलं, 276 उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही तेवढीच आली असती. 2016 मध्ये संशोधक राइस यांनी 18 प्रयोग एकत्र करून बरोबर उत्तरं 52.3 टक्के काढली, तेवढा फरक मी मान्य करतो. त्या सव्वादोन टक्क्यांसाठी एफडी मोडायची?

नानांना कागदावर पटलं नाही, म्हणून रविवारी पोहे आटोपल्यावर बसलो. एका मित्राचा महागडा डॅक-अँप मागून आणला होता, शेजारी माझा अकरा हजारांचा. नानांनी दर वेळी महागडाच ओळखला. मग मल्टिमीटर काढला, 100 हर्ट्झचा टोन लावला, हेडफोन जोडलेला ठेवून व्होल्टेज मोजलं. माझा 1.00, महागडा 1.14. म्हणजे तो एका डेसिबलहून थोडा मोठा वाजत होता, आणि मोठं वाजतं तेच कानाला सरस वाटतं. दोन्ही 1.00 वर आणले, नानांच्या पाठीमागे उभं राहून बदलत गेलो. वीसपैकी अकरा बरोबर. नाना हेडफोन काढून म्हणाले, ‘परत लाव, पण मारवाच लाव.’ परत दहापैकी पाच.

केबलबद्दल फार बोलत नाही. आजचे डॅक यूएसबीनं आलेले आकडे स्वतःच्या घड्याळानं वाजवतात, धड चालणारी कुठलीही केबल चालते. घरघर येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं. 200 तास पिकवण्याचं म्हणाल तर तेवढ्या दिवसांत पिकतात ते आपले कान, त्या आवाजाला सरावतात. हेडफोनची कानावरची गादी थोडी मऊ पडते, एवढंच.

एफडी शाबूत आहे. नानांकडे आता माझ्या अँपसारखाच छोटा अँप आहे. त्याच्या नॉबवर मी पांढऱ्या टेपची बारीक चिकटपट्टी लावून दिली आहे. नानांचं नेहमीचं ध्वनिमुद्रण लावून हेडफोनला सरासरी 70 मिलीव्होल्ट जातात, म्हणजे साधारण 80 डेसिबल, तिथे. काकूंना सांगून ठेवलंय की नॉब पट्टीच्या पुढे गेला तर मला फोन करायचा.