उतारावरचा उतारा

दसरा चौकातला सिग्नल लाल झाला की माझ्या पोटात गोळा यायचा. ब्रेक दाबायचा, क्लच दाबायचा आणि गाडी बंद पडू नये म्हणून त्याच वेळी रेसही द्यायची. पायाखाली पेडल तीन आणि माणसाला पाय दोन. मग उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर आणि टाच रेसवर. हा नाच मला कुणी शिकवला नाही, मागच्या हॉर्नवाल्यांनी बसवून घेतला. न्यूट्रल टाकून हँडब्रेक ओढला की दोन पायांत भागतं, हे पंधरा दिवसांनी लक्षात आलं. तोवर गुडघा गेला होता.

गाडी म्हणजे आमची फियाट. आरसी बुकात ‘प्रीमियर पद्मिनी’ लिहिलंय. हे नाव तिला 1974 पासून आहे, पण कोल्हापुरात तिला पद्मिनी म्हणून हाक मारलेली मी ऐकली नाही. आमची 1988 ची. इंजिन 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढं बाकड्यासारखी सलग सीट. गाडी मुळात मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. लग्नात मी हुंडा घेतला नाही याचं मला फार कौतुक होतं. मामांनी पंचवीस वर्षांनी ही गाडी देऊन ते उतरवलं.

तिची तक्रार अशी की सकाळी चोक ओढला की गोड चालायची. गरम झाली आणि सिग्नलला थांबली की अंगात आल्यासारखी घुमायला लागायची. इंजिनानं नुसतं उभं असताना मिनिटाला 800-900 फेरे शांतपणे मारावेत अशी अपेक्षा असते, त्याला आयडलिंग म्हणतात. आमचं इंजिन दोन फेरे मारायचं, विचार करायचं, मग तिसरा मारायचं.

जुनी गाडी रस्त्यात बंद पडली की वैद्यांची कमतरता पडत नाही. रिक्षावाले म्हणाले, कार्बोरेटरात (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायच्या भांड्यात) कचरा. पेपरवाला म्हणाला, प्लग. ऑफिसातले जोशी म्हणाले, पॉइंट घासले असणार. जोशींकडं सायकल आहे. बायकोनं काही निदान केलं नाही. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, तेव्हा ती बातमी तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवली. दोनदा.

आणि मग एका दुपारी डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा मिणमिणला.

हा दिवा इंजिनात तेल किती आहे ते सांगत नाही. तेलाला दाब किती आहे, ते सांगतो. इंजिन झिजलेलं, तेल तापून पातळ झालेलं आणि आयडलिंग पडलेलं असलं की पंपही हळू फिरतो, दाब उतरतो आणि तो डोळा मारतो. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा मी एवढंच समजलो की बिचारीला तेल कमी पडलंय.

घरी आलो, गाडी फाटकाच्या चढावर नेहमीसारखी नाक वर करून लावली आणि बॉनेट उघडून ऑइलची पट्टी ओढली. पट्टीवर दोन खुणा असतात, खालची किमान आणि वरची कमाल. मधलं अंतर साधारण लिटरभर तेलाचं. माझं तेल खालच्या खुणेलाही शिवत नव्हतं. आता कळलं दुखणं! लिटरचा डबा आणला, अख्खा ओतला, पुन्हा पट्टी बघितली. अजून थोडं कमीच वाटलं. अर्धा लिटर आणखी. पाहुण्याला आग्रह करून वाढावं तसं वाढलं.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली आणि मागून निळसर पांढरा धूर निघाला. शेजारच्या काकूंनी महापालिकेची फवारणी आली समजून खिडक्या लावून घेतल्या. आयडलिंग तर पारच गेलं. तेव्हा मी स्क्रूड्रायव्हर घेतला (माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर दिसला की घरातली मुलं दुसऱ्या खोलीत जातात) आणि कार्बोरेटरवरचा आयडलिंगचा स्क्रू आवळत गेलो. गाडी बंद पडायची थांबली. विमानासारखा आवाज काढायला लागली, पण थांबली. मला स्वतःचा अभिमान वाटला.

तो संध्याकाळपर्यंत टिकला. ऑफिसातून येऊन किल्ली फिरवली, काढून खिशात टाकली, दार लावलं, आणि गाडी चालूच. धक्, धक्, फुस्, धक्. आतला काजळीचा थर निखाऱ्यासारखा तापला होता. प्लगची ठिणगी बंद झाली तरी त्यावरच पेट्रोल पेटत होतं, आणि मी स्क्रू आवळून ठेवल्यानं त्याचा पुरवठाही व्यवस्थित होता. मी फाटकाशी हात जोडून उभा. बायको गॅलरीतून म्हणाली, “तिला सांगा, घर आलं.”

शेवटी उद्यमनगरात मेस्त्रींकडं गेलो. त्यांनी पट्टी ओढली, पुसली, पुन्हा पूर्ण आत घालून काढली आणि माझ्याकडं बघितलं. शेजाऱ्याच्या गोळ्या घेऊन आलेल्या पेशंटकडं डॉक्टर बघतात, तसं.

“साहेब, तेल किती वतलासा?”

“थोडंसं. दीड लिटर.”

“आणि बघताना गाडी कुठं उभी केल्ती?”

“फाटकात. चढावर.”

मेस्त्रींनी पोराला हाक मारली. एकट्यानं ऐकण्यातली मजा नव्हती ती.

चढावर तेल इंजिनाखालच्या चेंबरच्या एका अंगाला सरकलं होतं आणि पट्टी दुसऱ्या अंगाला कोरडी उभी होती. गाडी सपाटीला लावावी, इंजिन बंद करून दहा मिनिटं वरचं तेल खाली उतरू द्यावं, मग पट्टी बघावी. मी भरलेल्या चेंबरमध्ये दीड लिटर वर ओतलं होतं. क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, त्यात बुडून रवीसारखा घुसळत होता, तेलाचं ताक झालं होतं, आणि तो फेस इंजिनातली वाफ सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून वर एअर फिल्टरात चढला होता. फिल्टर बाहेर काढला तर भजी बांधून आणलेला कागद. हवा कोंडलेली, प्लग काळेठिक्कर.

चेंबरचा नट सोडून तेल पट्टीवरच्या खुणेपर्यंत उतरवलं, फिल्टर बदलला, प्लग घासले, माझा स्क्रू होता तिथं आणला. गाडी पुन्हा पहिल्यासारखी घुमायला लागली. म्हणजे दीड लिटर तेल आणि तीन आठवडे खर्चून आम्ही होतो तिथंच आलो होतो.

मेस्त्रींनी मग कान दिला. कार्बोरेटरपासून निघालेली वीतभर रबरी नळी दोन बोटांच्या चिमटीत दाबली आणि इंजिन एकदम शहाण्यासारखं चालायला लागलं. चिमटी सोडली, अंगात आलं. दाबली, उतरलं. नळी तडकली होती आणि तिच्यातून फुकटची हवा आत जात होती.

“चाळीस रुपयं नळीचं,” मेस्त्री म्हणाले. “बाकी बिल तुमच्या इलाजाचं.”

परवा दसरा चौकात लाल दिव्याला थांबलो. थरथर नाही, धूर नाही, आवाज नाही. इतकी शांतता मी त्या गाडीत कधी ऐकली नव्हती. नेमकी इथंच बंद पडली, असं समजून मी घाईघाईनं किल्ली फिरवली. चालू इंजिनावर स्टार्टर जो किंचाळला, त्यानं सगळा चौक वळून बघायला लागला. शेजारचे रिक्षावाले हँडलवरून वाकून म्हणाले, “साहेब, कचरा हाय बघा कार्बोरेटरात.”