पुलमन मागे राहिलं, कारण तिथे टीव्ही कमी आहेत

बरेच दिवस मनात होतं, आज लिहून टाकते. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

४ ऑगस्ट २०२३ या दिवसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्या शुक्रवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची पॅक-१२ ही कॉलेज खेळांची कॉन्फरन्स मोडली. सकाळी विद्यापीठांचे अध्यक्ष नव्या टीव्ही करारावर सह्या करतील अशी आशा होती. संध्याकाळपर्यंत ऑरेगन आणि सिअ‍ॅटलचं वॉशिंग्टन ‘बिग टेन’ या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये, आणि अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट, युटा ही तिघं ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये निघून गेली. लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी वर्षभरापूर्वीच बिग टेनचा हात धरला होता, कोलोरॅडो आदल्या आठवड्यात गेलं होतं. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीला ‘अटलांटिक कोस्ट’ कॉन्फरन्सने घेतलं. पॅसिफिक महासागराच्या काठावरची विद्यापीठं अटलांटिकच्या नावाखाली खेळायला गेली. बारातली दोन उरली. कॉर्वॅलिसचं ऑरेगन स्टेट आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट.

माझं एम.एस. पुलमनचं.

भारतातल्या मंडळींसाठी थोडं सांगते. इथे कॉलेजचा खेळ म्हणजे गॅदरिंगच्या आठवड्यातल्या स्पर्धा नव्हेत. कॉलेज फुटबॉलच्या (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) मोठ्या सामन्याला लाखभर माणसं बसलेली असतात. कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी आपापसात खेळणारा आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकणारा विद्यापीठांचा गट. त्या पैशातून फुटबॉल चालतोच, पण पोहणाऱ्या, धावणाऱ्या, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलामुलींच्या शिष्यवृत्त्या, प्रशिक्षक, विमानाची तिकिटंही बहुतेक ठिकाणी त्यातूनच निघतात. कॉन्फरन्स गेली की हे सगळं डळमळतं.

आणि पुलमनसारख्या गावाचं तर बाकीचंही बरंच काही डळमळतं. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, आयडाहोच्या हद्दीला लागून असलेलं हे गाव. लोकसंख्या विद्यार्थी धरून बत्तीस-तेहेतीस हजार, आणि स्टेडियममध्येही साधारण तेवढीच माणसं मावतात. सिअ‍ॅटलहून यायचं तर साडेचारशे किलोमीटर, त्यातला शेवटचा टप्पा नुसत्या गव्हाच्या टेकड्या. सप्टेंबरात कापणी झालेली असते, टेकड्यांवर पिवळी खुंटं उरलेली असतात, आणि त्यांच्यामधून शुक्रवारी दुपारपासून किरमिजी झेंडे लावलेल्या गाड्या गावाकडे येत असतात. पन्नास वर्षांपूर्वी पदवी घेतलेले आजी-आजोबा, त्यांची मुलं, नातवंडं. शनिवारी सकाळी कॅम्पसवरच्या फर्डिनांड्स या दुकानापुढे आइस्क्रीमची आणि कूगर गोल्ड चीजची रांग लागते. हे पांढरं चेडर चीज गोल पत्र्याच्या डब्यात मिळतं, विद्यापीठाच्याच डेअरीत बनतं. पहिल्या वर्षी माझ्या सिनिअर ताईने मला त्या रांगेत उभं केलं आणि म्हणाली, “अगं, खेळ कळला नाही तरी चालेल, मॅच सोडायची नाही.” मी एकही सोडली नाही. गावातली हॉटेलं, खानावळी, पेट्रोल पंप वर्षभराचा हिशेब त्या सहा-सात शनिवारांवर जमवतात.

तर हे गाव मागे का राहिलं? खेळ वाईट होता म्हणून नाही. ऑरेगन स्टेटने २०२२ च्या हंगामात १० सामने जिंकले, शेवटी लास व्हेगासला फ्लोरिडाला ३०-३ हरवलं. आमच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२३ मध्ये सातव्या मानांकनावरून येऊन पॅक-१२ ची स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात यूसीएलएला हरवून. कॉन्फरन्स मोडल्यानंतर सातच आठवड्यांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये ही दोन उरलेली विद्यापीठं पुलमनला एकमेकांशी खेळली, तेव्हा दोघंही देशातल्या पहिल्या पंचवीसात होते. आम्ही ३८-३५ ने जिंकलो. दोन्हीकडचे प्रेक्षक एकमेकांना मिठ्या मारत होते.

टीव्ही कंपन्या हे काही मोजत नाहीत. त्या मोजतात ती बाजारपेठ, म्हणजे त्या भागात टीव्ही किती घरांत आहेत. सिअ‍ॅटल मोठी बाजारपेठ, लॉस एंजेलिस तर देशात दुसऱ्या क्रमांकाची. पुलमन स्पोकॅन या त्यामानाने बऱ्याच लहान शहराच्या बाजारपेठेत मोडतं. त्यात मागे राहिलेल्यांना हरवून दाखवायलाही कुणी मैदानात उतरलं नाही. बिग टेनने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा सातशे कोटी डॉलर्सहून मोठा करार केला. त्यानंतर पॅक-१२ पुढे आला तो अ‍ॅपलचा प्रस्ताव. बातम्यांमध्ये आलेला आकडा दर विद्यापीठाला वर्षाला सुमारे २.३ ते २.५ कोटी डॉलर्स, आणि वर्गणीदार वाढले तर जास्त. ऑरेगन आणि वॉशिंग्टनला बिग टेनने अर्धाच वाटा देऊ केला, सुमारे ३ कोटी. तेवढ्या फरकासाठी, आणि अ‍ॅपलच्या भरवशावर राहायला नको म्हणून, शतकाची सोबत सुटली.

याचं मूळ जुनं आहे. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचे टीव्ही हक्क राष्ट्रीय संघटना एनसीएएच्या ताब्यात होते. कुठला संघ किती वेळा दिसणार यावर मर्यादा होत्या, त्यामुळे लहानांच्याही वाट्याला काही यायचं. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते मोडून काढलं. निकालाविरुद्ध मत देणाऱ्या दोघांपैकी एक होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट, स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू. कॉलेजच्या खेळाकडे निव्वळ धंदा म्हणून पाहणं चूक आहे, असं त्यांनी लिहिलं. मैदानावर खेळलेल्या माणसाला ते दिसलं होतं.

पुलमनच्या जुन्या लोकांना मात्र २०२३ चं आश्चर्य कमी वाटलं, कारण त्यांनी हे एकदा पाहिलंय. ही कॉन्फरन्स डिसेंबर १९१५ मध्ये पोर्टलंडच्या एका हॉटेलात जन्मली. चार संस्थापकांतलं एक ऑरेगन स्टेट, तेव्हाचं ऑरेगन कृषी महाविद्यालय. आम्ही १९१७ मध्ये आलो. १९५० च्या दशकात खेळाडूंना गुपचूप पैसे दिल्याची प्रकरणं बाहेर आली, ती मुख्यतः मोठ्या शहरांतल्या विद्यापीठांची. १९५९ मध्ये कॉन्फरन्स बरखास्त झाली, आणि त्याच मोठ्यांनी स्टॅनफर्डला सोबत घेऊन नवा गट केला. बाहेर राहिले ऑरेगन, ऑरेगन स्टेट, वॉशिंग्टन स्टेट आणि आयडाहो. आम्हाला १९६२ मध्ये परत घेतलं, ऑरेगनच्या दोघांना १९६४ मध्ये. म्हणजे ऑरेगन विद्यापीठाने स्वतः हे दार बाहेरून पाहिलेलं होतं.

आयडाहोला कधीच परत घेतलं नाही. त्यांचं विद्यापीठ मॉस्को गावात आहे, पुलमनपासून १३ किलोमीटरवर. लोक संध्याकाळी सायकलने जाऊन येतात. जे विद्यापीठ एके काळी यूसीएलए आणि स्टॅनफर्डच्या गटात होतं, ते या कॉन्फरन्समधून त्या कॉन्फरन्समध्ये फिरत राहिलं आणि २०१८ मध्ये फुटबॉलची वरची श्रेणी सोडून खालच्या श्रेणीत उतरलं. मागे राहिलं की साठ वर्षांनी काय होतं, हे बघायला पुलमनकरांना पाव तास लागतो.

मागच्या गणपतीत आमच्या इथल्या मंडळातले एक दादा, वॉशिंग्टन विद्यापीठाचे पदवीधर, जेवणाच्या रांगेत म्हणाले, “अगं, वर्षाला तीन कोटी डॉलर्स समोर ठेवल्यावर कोण नाही म्हणेल? आम्ही थांबलो असतो तर ऑरेगन गेलंच असतं.”

दादा चुकीचं बोलत नव्हते. एकट्या विद्यापीठाने थांबून काही झालं नसतं. पण मी त्यांना म्हटलं, “दादा, दोन्ही विद्यापीठं सरकारीच ना? एकाच राज्याची?” माझा सगळा मुद्दा इथे आहे. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट एकाच विधिमंडळाच्या पैशावर चालतात. ऑरेगनमधल्या दोघांचंही तेच. एका सरकारी संस्थेने दुसऱ्या सरकारी संस्थेचा खेळाचा पाया काढून घेतला आणि राज्याने बघत राहायचं ठरवलं. शेजारी कॅलिफोर्नियात निदान काहीतरी झालं. यूसीएलए निघून गेल्यावर त्यांच्या रीजंट्सनी, म्हणजे दोन्ही विद्यापीठांच्या एकाच नियामक मंडळाने, यूसीएलएने बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर्स द्यायचे असं ठरवलं. पुरेसं नसेल, पण जाणारा मागे राहणाऱ्याचं देणं लागतो हे कबूल केलं. ऑलिंपिया आणि सेलम या आमच्या दोन राज्यांच्या राजधान्यांत बसलेल्यांना एवढंही सुचलं नाही.

नुकसान फक्त पैशांचं नाही. २०२३ च्या हंगामानंतर आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा मुख्य खेळाडू, कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि २०२५ च्या एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत देशात पहिला आला. त्याच्या जागी आलेला जॉन मटीर वर्षभरात ओक्लाहोमाला. प्रशिक्षक जेक डिकर्ट वेक फॉरेस्टला. २०२३ ला अजिंक्य ठरलेल्या मुलींच्या संघाचा कणा असलेली शार्लिस लेजर-वॉकर यूसीएलएला, ज्यांना हरवून तिने पुलमनला करंडक आणला होता. ऑरेगन स्टेटचे जोनाथन स्मिथ तर त्याच विद्यापीठाचे जुने क्वार्टरबॅक. ऑरेगनविरुद्धचा सामना संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ते मिशिगन स्टेटला गेल्याची बातमी आली. या मुलामुलींना मी अजिबात दोष देत नाही. वीस-बावीसाव्या वर्षी कुणीही पुढे जाणारच. पण घर कुणी रिकामं केलं ते विसरू नये. आणि कॉर्वॅलिसला तर सोळा कोटींहून जास्त डॉलर्स खर्चून नवं केलेलं रीसर स्टेडियम कॉन्फरन्स मोडल्यानंतर साधारण महिन्याभराने उघडलं.

सगळ्यात जास्त लागलं ते जून २०२५ मध्ये. वॉशिंग्टन स्टेटने अ‍ॅथलेटिक्समधल्या फेकी आणि उड्या बंद केल्या, स्प्रिंट आणि हर्डल्स कमी केल्या, भर फक्त लांब पल्ल्याच्या धावण्यावर ठेवला. हे तेच विद्यापीठ, जिथे शिकणाऱ्या केनियाच्या हेन्री रोनोने १९७८ मध्ये ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम केले. त्यातला ५,००० मीटरचा बर्कलीला आणि स्टीपलचेसचा सिअ‍ॅटलला, दोन्ही आमच्याच कॉन्फरन्सच्या गावांत. टीव्ही करार न जमण्याची किंमत एखाद्या शेतकऱ्याच्या भालाफेक करणाऱ्या मुलीने मोजावी, हे मला मान्य होत नाही. तिच्या भाल्याचा आणि फॉक्स-अ‍ॅपलचा संबंध काय?

उरलेली दोन्ही विद्यापीठं रडत बसली नाहीत, याचा अभिमान आहे. जाणारे दहाजण जाता जाता कॉन्फरन्सच्या तिजोरीवरही हक्क सांगत होते, तेव्हा आमच्या दोघांनी पुलमनजवळच्या कोलफॅक्स गावातल्या जिल्हा कोर्टात दावा लावला. सोडून जाण्याची नोटीस दिली की मंडळावरची जागा जाते, असा नियमच होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी तो मानला, राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही हात घालायला नकार दिला. मग दोन वर्षं दोन संघांची कॉन्फरन्स चालली. ऑरेगन स्टेटचा बेसबॉल संघ २०२५ ला कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नव्हता, निम्मा हंगाम बॅगा बांधून फिरला, आणि तरी ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीज या देशपातळीवरच्या शेवटच्या फेरीपर्यंत पोचला.

पण पुढचं मला पटलेलं नाही, आणि आमच्याच लोकांचं असलं तरी बोलणार. २०२४ ला सामने मिळत नव्हते तेव्हा माउंटन वेस्ट कॉन्फरन्सने आम्हाला सामने दिले. त्याच वर्षी सप्टेंबरात पॅक-१२ ने त्यांचेच बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि मागून युटा स्टेट फोडले. आधीच्या करारात असं केल्यास दंड भरायचं कलम होतं, तर तो दंड बेकायदेशीर आहे म्हणून आम्हीच कोर्टात गेलो. आता गोंझागा आणि टेक्सस स्टेट धरून नवी पॅक-१२ जुलै २०२६ पासून ठरली आहे. वायोमिंग, नेवाडा, न्यू मेक्सिको, सॅन होजे स्टेट यांना आम्ही मागे टाकलं. लॅरमीच्या वाऱ्यात बसून मॅच बघणाऱ्या वायोमिंगच्या माणसाचा राग माझ्या रागाहून वेगळा कसा असेल? टिकायला आठ संघ हवेच होते, हे कळतं. पण दोन्ही कॉन्फरन्सेस एकत्र करून सगळ्यांना घेऊन पुढे जाता आलं असतं, तशी चर्चाही होती. कमी वाटा मिळाला असता. तो घ्यायला हवा होता.

ईएसपीएनचा ‘कॉलेज गेमडे’ हा शनिवारचा कार्यक्रम दर आठवड्याला वेगळ्या कॅम्पसवरून होतो. २००३ पासून त्याच्या प्रत्येक भागात मागच्या गर्दीत आमचा ओल्ड क्रिम्सन झेंडा फडकतो. माजी विद्यार्थी तो कुरिअरने एकमेकांना पाठवतात, जिथे कार्यक्रम असेल तिथला कुणीतरी पहाटे उठून धरून उभा राहतो. आमचे प्रेक्षक मोजण्याइतके नाहीत असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी एकदा स्वतःच्याच पडद्यावर बघावं.

वॉशिंग्टन राज्यात मतदान करणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींना विनंती आहे, तुम्ही हस्की (वॉशिंग्टनचे) असा की कूगर (वॉशिंग्टन स्टेटचे). अ‍ॅपल कप, आपल्या दोन विद्यापीठांचा १९०० पासूनचा सामना, आता फक्त २०२८ पर्यंतच्या कराराने बांधलेला आहे. तुमच्या आमदाराला दोन ओळींचं ईमेल करा. सामना कायम ठेवायला सांगा, आणि सिअ‍ॅटलच्या बिग टेनच्या पैशातला एक वाटा कॅलिफोर्नियासारखा पुलमनला द्यायला सांगा. त्या वाट्यातून आधी बंद केलेल्या फेकी आणि उड्या, आणि कमी केलेल्या स्प्रिंट पूर्ववत सुरू व्हाव्यात, असंही लिहा. मी माझं ईमेल पाठवलंय. कुणाला मजकूर हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवते.