रात्रीची गोळी आणि आठची शिफ्ट

आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ‘जॉब’ म्हणजे नोकरी नव्हे, लेथवर लावलेला तुकडा. असे तुकडे घेऊन कानशीनं बर (कडेला राहिलेली धातूची कुसळं) काढत बसणारा एक पोरगा माझ्या शॉपवर आहे. दोन वर्षं होत आली. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं वगैरे होणारा मानसिक आजार. विचारूनच लिहितोय. ‘लिवा की काका, पण नाव नको,’ म्हणाला.

त्याचे वडील पहिल्यांदा आले तेव्हा मी म्हणालो होतो, ‘पूर्ण बरा होऊ दे, मग बघू की.’ बीपीची गोळी मीही रोज खातो, मला कुणी घरी बसवलं नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९० च्या दशकात नेमकं उलटं केलं. आधी खरी, पगाराची नोकरी, शिकणं तिथंच, आणि लागल्यावरही पाठीशी माणूस. काम करायची इच्छा, एवढीच अट. आधी ट्रेनिंग मग नोकरी, या जुन्या पद्धतीपेक्षा यात जास्त लोक कामाला लागले, हे पुढं बऱ्याच चाचण्यांत दिसलं.

पण टिकणं वेगळं. तिसऱ्या आठवड्यापासून हा रोज उशिरा. मी चिडून अर्धा दिवस कापायला लावला. लाज वाटते आता. मग त्याची आई आली. रात्रीच्या गोळीची गुंगी नऊ वाजेपर्यंत उतरत नाही म्हणे. आठची वेळ दहा केली, विषय संपला. प्रेसवर मात्र बसवत नाही, बोटं जातील. काम एका वेळी एकच सांगायचं, तेही एकानंच. तिघं तीन बाजूंनी ओरडले तर मीसुद्धा गोंधळतो. ‘ह्याला धारवाडला धाडा’ (तिथं मनोरुग्णालय आहे) ही मस्करी बंद करायला मात्र सहा महिने लागले.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के राखीव, पण त्यातला १ टक्का मानसिक आजार, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता वगैरे सगळ्यांत मिळून. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. कन्नड अर्ज भरून द्यायला आमचा सुपरवायझर तयार आहे (सीमाप्रश्नावर आमचं रोज वाजतं, ते सोडा). वडीलच नको म्हणतात. ‘पोरीचं लग्न व्हायचंय.’ यावर मी काय बोलू?

गेल्या श्रावणात अकरा दिवस आला नाही. आवाज परत सुरू झाले होते. जागा कुणाला दिली नाही, पण कानस दुसऱ्यानं उचलली होती. बाराव्या दिवशी आला आणि आल्या आल्या त्यावरून भांडला.