सडवा, साडू आणि मी

गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. त्यामुळे बाहेरच्या माणसाची पक्की समजूत असते, की इथं घरटी एक भट्टी चालू असणार. मी चहासुद्धा पाणचट पिणारा माणूस. पण ज्याच्या फुलांची दारू गाळतात ते मोहाचं झाड फुलायला लागलं की नातेवाइकांना माझी माया येते. लग्नकार्याला न फिरकणारे 'सहज' येतात आणि जेवणं झाली की आवाज बारीक करून विचारतात, "पहिल्या धारेची काही सोय?"

यंदा नागपूरचे साडूभाऊ आले. रानातल्या फळाफुलांची घरी दारू कशी करतात याचे व्हिडिओ पाहून आलेले. सोबत काचेची मोठी बरणी, यीस्टची पुडी, रबरी नळी. संध्याकाळी रानात नेलं, तर प्रत्येक झाडापाशी एकच प्रश्न : "याची होते का जी?" बोरीची? टेंभराची? जांभळाची? पळसापाशी म्हटलं, याचा रंग होतो. "मग रंगाची?" शिंदीचा रस नुसता मडक्यात राहिला तरी आपसूक आंबतो, हे कळल्यावर ते त्या बुंध्याला असे टेकले, की मला दुसरीकडे पाहावं लागलं.

मी कायदा काढला. घरी दारू गाळणं 1949 पासूनच्या दारूबंदी कायद्यात गुन्हा आहे. 2021 साली सरकारनं मोकळीक दिली ती मोहफुलं वेचायला, ठेवायला, वाहून न्यायला. "म्हणजे फुलं चालतात ना? मग आधी फुलं तर आणू." हे आईनं ऐकलं. वेचायला फुकटचा गडी मिळाल्यावर कोण सोडतं!

"उठा जी पाहुणे, फुलं पडून रायली." बाहेर मिट्ट काळोख. मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटेपासून गळतं. आधी खराट्यानं पाचोळा झाडायचा (काही जण तो सरळ पेटवतात आणि मग जंगलभर वणवा), मग वाकून एकेक फूल उचलायचं. रसाळ फूल, जोरात धरलं की फुटतं, हात चिकट होतात, त्यावर माती बसते. आणि याच वेळी, याच फुलांसाठी अस्वलही येतं. ही माहिती आईनं पाहुणे वाकल्यावर दिली. पुढं त्यांचं वेचणं कमी आणि मागं पाहणं जास्त. झुडपामागं कुणीतरी खाकरलं, तर टोपली टाकून हे थेट बांधावर. शेजारचे आजोबा होते.

"आता?"

आता वाळवायची. उन्हात फूल मनुक्यासारखं आकसतं, टोपलीभर आणलेलं सुपात मावतं. मग भिजवून, फेस येईस्तोवर आंबवून त्याचा सडवा. 'पोलिसांनी सडवा नष्ट केला' ही पेपरातली बातमी वाचून साडूभाऊंचा कंठ दाटून आला. पाणी 100 अंशांवर उकळतं, अल्कोहोल 78 वर, म्हणून पहिली धार कडक, हे सारं त्यांनी मला शिकवलं. खाटेवर पालथं पडून. कंबर धरली होती आणि आई टोळीचं तेल चोळत होती. टोळी म्हणजे मोहाचीच बी.

जाताना त्यांना डब्यात मोहाच्या पुऱ्या दिल्या. "गोड आहेत," ते म्हणाले. इतक्या दुःखानं पुरीला कुणी गोड म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

बरणी राहिली इथंच. आईनं तिच्यात कैरीचं लोणचं घातलं. ते आंबू नये म्हणून रोज ढवळावं लागतं, आणि ते काम माझ्याकडे आहे.