दिवा व्हाया ट्रान्स्फॉर्मर

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात स्वयंपाकघरातून माडीवरचा दिवा लावायचा झाला, तर हुकूम आधी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या ट्रान्स्फॉर्मरपर्यंत जातो, तिथून दुसऱ्या तारेनं परत येतो आणि मग, मर्जी असली तर, दिवा लागतो. स्वयंपाकघर आणि माडी यांच्यामध्ये आहे फक्त एक जिना.

ही भाच्याची कृपा. तो इंग्लंडात असतो. त्यानं तिकडच्या घरात दिवे दुरून लावायची वायफायवाली नवी यंत्रणा बसवली आणि जुनी एका खोक्यात भरून, वर चॉकलेटं पसरून, आमच्याकडे पोचती केली. परदेशी खोक्यात चॉकलेट नेहमी वरच असतं. खालचं काय ते घरच्यांनी निस्तरायचं. "मामा, वायर ओढायला नको, भिंत फोडायला नको. आहे त्याच वायरिंगमधून सिग्नल जातो!"

यंत्रणेचं नाव एक्स-टेन. 1975 साली स्कॉटलंडातल्या ग्लेनरॉथेसच्या पिको इलेक्ट्रॉनिक्स कंपनीनं काढलेली. कल्पना झकास आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. आपला करंट सेकंदाला पन्नास हेलकावे घेतो, म्हणजे शंभर वेळा शून्यावर येतो. नेमक्या त्या क्षणी बटणांचा डबा लाइनीवर 120 किलोहर्ट्झचा एक मिलिसेकंदाचा ठिपका सोडतो. ठिपका आला तर एक, नाही आला तर शून्य. दिव्याच्या प्लगाखाली खोचलेली पांढरी ठोकळी हे वाचत बसलेली असते. तिच्यावर दोन चकत्या, एकीवर ए ते पी अक्षरं आणि दुसरीवर 1 ते 16 आकडे. म्हणजे 256 पत्ते. एवढे आमच्या अख्ख्या गल्लीला नाहीत. एक हुकूम पुरा व्हायला जवळजवळ एक सेकंद लागतो, आणि सौ.ला तो सेकंद सुरुवातीपासून खटकला. "तेवढ्यात मी दोनदा हाक मारीन की!"

ठोकळ्यांच्या पिना इंग्लंडच्या, चौकोनी. म्हणून प्रत्येकीखाली बाजारातला एक कन्व्हर्टर आला. भिंतीतून आता कन्व्हर्टर, त्यावर ठोकळी, त्यावर दिव्याचा प्लग असे वीतभर सुळके बाहेर आलेत. जाता-येता पदर अडकतो. ज्याचा त्याचा उद्धार ज्याचा त्यानं ऐकायचा, पण भाचा दूर असल्यामुळे मी ऐकतो.

मग कळलं की सिग्नल गिळणारे घरातच बसलेत. टीव्ही, कॉम्प्युटरचा यूपीएस, त्याचा स्पाइकवाला बोर्ड. यांच्या पोटात तारेला आडवा एक कपॅसिटर असतो. बाहेरची खरखर आत येऊ नये म्हणून ठेवलेला हा द्वारपाल आमचा ठिपकाही खरखर समजून जिरवून टाकतो. थोडक्यात, टीव्ही काढला तर दिवा लागतो. आमच्याकडे रात्री टीव्ही काढायला सांगणारा माणूस अजून जन्मायचाय.

घरचे कमी म्हणून शेजारी अण्णांचे यंत्रमाग. सकाळी खडखड सुरू झाली की लाइनीवर असा गोंधळ माजतो की ठोकळ्यांना काही ऐकू येत नाही. कधी नको ते ऐकू येतं. भर दुपारी, बटणाला कुणी हातही न लावता, जिन्यातला दिवा लागायचा. मी अण्णांकडे तक्रार घेऊन गेलो तर ते आधीच तयारीत होते. "तुमचं ते लाइनीतलं काय की सुरू झाल्यापासून माझ्या साडीचा काठ चुकतोय बघा." मी चहा पिऊन परत आलो.

देवघरातल्या ठोकळीची तऱ्हा वेगळी. कुणी हातानं दिव्याचा स्विच दाबला तर तिला कळावं म्हणून ती बंद असतानाही किंचित करंट सोडत राहते. पूर्वीच्या पिवळ्या बल्बला त्यानं काही होत नसे. एलईडी तेवढ्यावरच मिणमिणतो. आई बेहद्द खूश. तेलाशिवाय नंदादीप! सौ. खूश नाही. 2023 साली कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटपर्यंत बिल माफ झाल्यापासून आमच्या घरात मीटरकडे कॅलेंडरपेक्षा जास्त बघितलं जातं.

पण सगळ्यात जाच कशाचा असेल, तर ठोकळी उत्तर देत नाही. बटण दाबलं, हुकूम गेला. पोचला का, मानला का, काही कळत नाही. म्हणून मी स्वयंपाकघरात बटण दाबतो आणि दिवा लागला का ते बघायला माडीवर जातो. लागलेला नसतो. मग वर आलोच आहे तर हातानं लावतो आणि खाली येतो. तोवर सौ.नं शंकेनं बटण पुन्हा दाबलेलं असतं. चुकून बंदचं.

अखेर आमच्या वायरमननं निदान केलं. तीन फेजचं कनेक्शन, स्वयंपाकघर एका फेजवर, माडी दुसऱ्या. दोन्ही फेजांची गाठ पडते ती थेट कोपऱ्यावरच्या ट्रान्स्फॉर्मरात. फेजा जोडणारा कपलर मिळतो म्हणे, पण तो खडेबाजारात कुणी बघितलेला नव्हता. मग त्यानं गावठी उपाय केला. पंप तेवढा वगळून सगळं घर एकाच फेजवर घेतलं आणि टीव्ही-यूपीएससाठी वेगळी वायर ओढली. म्हणजे भिंत फोडलीच.

काय सांगू, दिवे लागायला लागले! बटण दाबलं की एका सेकंदात माडी उजळायची. सौ.नंसुद्धा एकदा कौतुकानं बघितलं.

आमच्या भागात पावसाळ्यात एखादा फेज जाणं म्हणजे काही बातमी नाही. पूर्वी फेज गेला की अर्धं घर चालायचं; स्वयंपाकघर अंधारात तर जेवण माडीवर. यंदा मृगाच्या पहिल्या सरीला अख्खं घर गपकन अंधारलं, आणि सुळक्यांना ठेचकाळत मी लाइनमनला फोन लावला.

"याव फेज री?" कोणता फेज, असा तिकडून कन्नडात प्रश्न.

"एल्ला होगेतरी," सगळं गेलंय, असं मी माझ्या सगळ्या कन्नडानिशी सांगितलं.

तो भिजत आला, पोलावर चढला, टेस्टर लावून बघितला आणि वरूनच मराठीत ओरडला, "दोन हायत की ओ चालू! तुम्ही एकच का धरून बसलाय?"