विकेल तो सगळा पैसा पदरात?

पावसाळा लागला की एक मेसेज फिरतो. 'आठवडी बाजारात बसणाऱ्या शेतकरी बायकांना मधे दलाल नाही, जागेचं भाडं नाही, एसटीला अर्धं तिकीट. विकेल तो सगळा पैसा पदरात.' यंदा तो आमच्या मामांनीच ग्रुपवर टाकला.

दलाल नाही, हे 2016 च्या नियमनमुक्तीवरून आलंय. फळं-भाजी बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायची मोकळीक तेव्हा मिळाली, खरं. पण दोन पाट्या करटोली घेऊन येणारी बाई समितीत जात होती कधी? तिला गाठणारा व्यापारी सकाळी सातला जीपच्या दारात उभा असतो. बाई पुरती उतरलेलीही नसते, तोवर याचा हात पाटीवर. "काकी, सगळी किती?" भवानी व्हायच्या आधीच अर्धा माल जातो.

भाड्याचं म्हणाल, तर आमच्या बाजारात प्रत्येक बैठकीची पावती फाटते. टेम्पोवाल्याची फाटते, तशी टाकळ्याच्या वीस जुड्या मांडलेल्या म्हातारीचीही.

अर्धं तिकीट 17 मार्च 2023 पासून आहे आणि त्याचा उपयोगही होतो, नाकारत नाही. पण ती सवलत बाईच्या तिकिटाला, पाटीच्या नव्हे. शिवाय पाड्यावर एसटी जाते कुठे? तिथून जीपच. परतीची शेवटची जीप पाचची, आणि भाव तीच ठरवते. सकाळी वीसला दिलेला वाटा चार वाजता दहाला जातो, साडेचारला दोन वाटे एकत्र करून "घ्या हो ताई, काय द्यायचं ते द्या." करटोली ठेवायला शीतगृह नाही, उरलेली पाटी परत न्यायची तर तिचं वेगळं भाडं. गिऱ्हाइकाला हे नीट ठाऊक असतं. त्यात बाजारात बायकांना जायला मुतारी नाही, म्हणून दिवसभर पाण्याचा घोटही जपून.

राहिला पदर. पैसे येतात, पदराच्या गाठीत बांधलेले मी रोज पाहते. पण पीककर्जाला सातबारा लागतो, आणि त्यावर नाव बहुधा नवऱ्याचं नाहीतर सासऱ्याचं. 2015-16 च्या कृषिगणनेत देशभरातल्या वहिवाटदारांमध्ये, म्हणजे शेतीचा कारभार ज्यांच्या हाती त्यांच्यात, बायका जेमतेम 14 टक्के होत्या. बियाणं उधारीवर आणलं असेल, तर ती गाठ दुकानाच्या पायरीवरच सुटते.

मामांना एवढंच विचारलं, तुम्ही बाजाराला किती वाजता जाता?

"चारनंतर. स्वस्त मिळतं."